पाळी गेली, वाफा राहिल्या. हार्मोन सुरू करू की नको?

प्रश्न : आंबाघाट_वाहक

नमस्कार मैत्रिणींनो. लिहू की नको करत तीन आठवडे गेले. आज साप्ताहिक सुट्टी आहे, घरात कोणी नाही, म्हणून सगळं एकदाच लिहिते. लांबेल.

वय ४९. एसटीत वाहक, २१ वर्षं झाली. सध्या कोल्हापूर–रत्नागिरी गाडीवर आहे, आठवड्यातून दोन रात्री रत्नागिरीला मुक्काम. शेवटची पाळी गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी आली, त्याला चौदा महिने झाले. पाळी गेल्याचं मला वाईट वाटलं नाही. भरलेल्या गाडीत, पुढच्या स्टँडवर संडासाला कुलूप असेल का या काळजीत इतकी वर्षं काढली, ते संपलं म्हणून सुटल्यासारखंच झालं होतं.

पण या वाफा! मलकापूर सोडलं, तिकिटं काढायला उठले की छातीतून वर काहीतरी चढायला लागतं. मान, कान, टाळू. दोन-तीन मिनिटं. मग घाम असा फुटतो की मशीनच्या बटणावरून बोट निसटतं, आणि आंबा घाटाची गार हवा खिडकीतून आली की लगेच हुडहुडी भरते. दिवसातून दहा-बारा वेळा हे चालतं. गाडीत बायका जास्त, त्यांची अर्धी तिकिटं, सुट्टे पैसे, आणि त्या दोन मिनिटांत डोक्यात आकडाच थांबत नाही. गेल्या दोन महिन्यांत कॅश भरताना तीन वेळा पैसे कमी आले. एकदा १८० रुपये, एकदा २४०, एकदा ९५. पदरचे भरले. एकवीस वर्षांत माझा हिशोब असा कधी चुकला नव्हता. सगळ्यात जास्त मला हेच लागलंय.

मुक्कामाच्या खोलीत आम्ही तिघी असतो. मी पंखा पाचवर करते, शेजारची चादर डोक्यावरून घेते. दीडला जाग, साडेतीनला जाग, गाऊन पाठीला चिकटलेला. पहाटे साडेपाचला गाडी काढायची असते. परवा एका म्हाताऱ्या बाबांनी दोनदा स्टॉप विचारला तर मी त्यांच्या अंगावर ओरडले. ते गप्प बसले. साखरप्याला उतरताना मला हात जोडून गेले. अजून आठवतंय.

आणखी एक, जे कुणाशी बोलता येत नाही. लघवीला जळजळ होते. सहा महिन्यांत तीन वेळा अँटिबायोटिक झालं. वाटेत जायची सोय नसते म्हणून मी पाणीच कमी पिते, हेही खरं आहे. आणि नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की भीती वाटते, इतकं दुखतं. ते समजूतदार आहेत, काही बोलत नाहीत. पण दोन माणसांच्या मध्ये एक उशी आली आहे असं झालंय.

डॉक्टर दोन झाले. पहिले म्हणाले, सगळ्या बायकांना होतं, दोन वर्षांत जाईल, कॅल्शियम घ्या. दुसऱ्यांनी एफएसएच नावाची रक्ततपासणी करायला लावली आणि पाच मिनिटांत हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. मी मावशीचं सांगायला तोंड उघडलं तोवर पुढची पेशंट आत आली होती. धाकटी मुलगी बी. फार्म. करते, तिनं पाकिटातला कागद वाचून दाखवला. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात. पाकीट तसंच साड्यांच्या खाली ठेवलंय.

माझ्या सख्ख्या मावशीला ५८ व्या वर्षी छातीत गाठ निघाली. एक स्तन काढला, केमो झाली. ती आज ७४ ची आहे, पण ती दोन वर्षं मी जवळून पाहिली आहेत. आणि माझी आई ६७ व्या वर्षी न्हाणीत पडली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, तरी ती परत चालली नाही. दहा महिन्यांत गेली. आईची पाळी पंचेचाळिशीतच गेली होती.

म्हणजे गोळी घेतली तर मला मावशी दिसते आणि नाही घेतली तर आई. माझा दिवस तर दोन्हीकडून जातोच आहे. तुमच्यापैकी कुणी घेतलंय का? धोका किती, नक्की किती, हे कुणी आकड्यात सांगेल का? मी हिशोबाची बाई आहे. “थोडा धोका असतो” म्हटलं की मला काहीच कळत नाही.

उत्तर : निवृत्त_सिस्टर

ताई, मी ६७ वर्षांची, ३४ वर्षं नर्स होते. माझी पाळी २००६ साली, ४८ व्या वर्षी गेली. अमेरिकेतला हार्मोनच्या गोळ्यांचा मोठा अभ्यास २००२ मध्ये थांबवला गेला, त्याची धास्ती तेव्हा सगळीकडे होती. आमच्या वॉर्डातल्या मॅडम घरच्या बायकांनाही हार्मोन देत नव्हत्या. मीही घेतलं नाही. वाफा आठ वर्षं राहिल्या. “दोन वर्षांत जाईल” हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काहींचं जातं, पुष्कळ जणींना सात-आठ वर्षं लागतात.

६३ व्या वर्षी गॅसची टाकी सरकवताना पाठीचा मणका दबला. तेव्हा हाडांची तपासणी केली आणि कळलं, आत काय झालंय. आता माझ्या वयाला हार्मोन सुरू करत नाहीत, हाडांचं वेगळं औषध चालू आहे. घ्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण मला विचारायचीसुद्धा संधी मिळाली नाही, याची खंत आहे. तुम्ही विचारताय, हे चांगलं केलंत.

मॅमोग्राफी केल्याशिवाय पाकीट उघडू नका. बीपी मोजा.

उत्तर : स्त्रीरोग_सोलापूर

ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे औषध लिहून देणं नाही. तुमच्या डॉक्टरांसमोर बसताना हातात असावं म्हणून लिहिते. आकडे मागितलेत, तर आकडेच देते.

त्या कागदावरची भीती मुख्यतः एका अभ्यासातून आली. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह, अमेरिका. गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायका, वय ५० ते ७९, सरासरी ६३. अर्ध्यांना रोज हार्मोनची गोळी, अर्ध्यांना औषध नसलेली साधी गोळी. जुलै २००२ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवला. वर्षभरात १०,००० बायकांमागे स्तनाचा कर्करोग साध्या गोळीवाल्यांत ३० जणींना, हार्मोनवाल्यांत ३८ जणींना. पक्षाघात २१ आणि २९. फुफ्फुसात गुठळी ८ आणि १६. उलट बाजूला खुब्याचं हाड मोडणं १५ वरून १० वर आलं, आतड्याचा कर्करोग १६ वरून १० वर. एकूण मृत्यूंत फरक नव्हता. वर्तमानपत्रांत मात्र “२६ टक्के जास्त कर्करोग” असं छापून आलं. ३० चे ३८ झाले की २६ टक्के होतात. दोन्ही खरंच आहे, पण तुमच्यासारखीला दहा हजारांत आठ हे कळतं, २६ टक्क्यांनी नुसता घाम फुटतो.

आता त्यातली मेख. त्या बायकांची सरासरी ६३, तुम्ही ४९. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या, रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या बाईला हार्मोन सुरू करणं वेगळं, आणि चौदा महिन्यांपूर्वी पाळी गेलेल्या बाईला वेगळं. आज सगळीकडे धरला जाणारा नियम असा : वय साठच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, त्रास खरा असला आणि मनाई करणारं कारण नसलं, तर बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त. वाफांची संख्या सरासरी पाऊणपट कमी होते. इतर कुठल्याच औषधानं एवढी होत नाही.

दुसरं, कुठलं हार्मोन? त्या अभ्यासातलं इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी गेल्यावर कमी होणारं मुख्य हार्मोन, गाभण घोड्यांच्या मुतापासून काढलेलं होतं आणि जोडीला एक कृत्रिम प्रोजेस्टोजेन. आता आपल्या अंडाशयात बनतं तेच इस्ट्रोजेन, एस्ट्राडिओल, कातडीवर लावायच्या जेलमध्ये मिळतं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारी द्रव्यं वाढवते. कातडीतून गेलं की तो फेरा चुकतो; आजवरच्या निरीक्षणांत जेल आणि कातडीवर चिकटवायच्या पट्टीनं गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसलेला नाही. गर्भाशय आहे म्हणजे जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर आतलं अस्तर वाढून तिथला कर्करोग होऊ शकतो. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री घेतात, तिनं थोडी गुंगी येते, तुमच्यासारख्या न झोपणाऱ्या बाईला ती बरी पडते. स्तनाच्या बाबतीतही ती कृत्रिमपेक्षा सौम्य असावी असं फ्रान्समधल्या मोठ्या पाहणीत दिसलं.

पण धोका शून्य नाही, हे मला तुमच्यापासून लपवायचं नाही. २०१९ मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र करून काढलेला हिशोब असा : पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही हार्मोन घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत दर ५० बायकांमागे एका जास्त बाईला स्तनाचा कर्करोग. तो आकडा पाश्चात्य बायकांचा, जिथे मुळात हा आजार आपल्यापेक्षा जास्त आहे. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत २०० मागे एक. जितकी वर्षं जास्त, तितका धोका जास्त. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं या औषधांवरचे बरेच ठळक इशारे काढायचं जाहीर केलं, ते योग्यच वाटतं मला. तरी “आता काहीच धोका नाही” असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

मावशीबद्दल. एका मावशीला ५८ व्या वर्षी झालेला कर्करोग, एवढ्यावरून तुम्हाला हार्मोन बंद असं होत नाही. आईला, बहिणीला, किंवा घरात दोघी-तिघींना, किंवा कुणाला चाळिशीच्या आत, किंवा अंडाशयाचा कर्करोग, असं असतं तर मी आधी जनुकांची तपासणी सांगितली असती. नीट चौकशी करा, आजोळच्या सगळ्या बायकांची.

आईबद्दल. लवकर गेलेली पाळी आणि मोडलेला खुबा, हे तुमच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं पाहिजे. हार्मोन चालू असतं तोवर हाड राखलं जातं, बंद केलं की तो फायदा हळूहळू ओसरतो, हेही लक्षात ठेवा.

लघवीच्या जळजळीला आणि दुखण्याला वेगळा, सोपा इलाज आहे. आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम. मात्रा इतकी कमी की रक्तात जवळजवळ जात नाही. बाकीचं ठरेपर्यंत यासाठी थांबायची गरज नाही. वारंवार होणारा लघवीचा संसर्गही त्यानं कमी होतो. या एका मलमाअभावी किती बायका वर्षानुवर्षं अँटिबायोटिक खात राहतात, याचा मला रोज राग येतो.

एफएसएच तुमच्या वयाला लागत नव्हतं. चौदा महिने पाळी नाही, हाच पुरावा. त्यापेक्षा थायरॉइड बघा, हिमोग्लोबिन बघा. रात्री घाम, वजन उतरणं, खोकला असेल तर क्षयरोग नाही ना हे बघा. मॅमोग्राफी, बीपी, साखर, आणि एक सोनोग्राफी. कधी पायात गुठळी झाली होती का? कावीळ, यकृताचा आजार? पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं का? यातलं काही असेल तर आधी ते.

आणि एक विचारते, रागावू नका. मिशरी लावता का?

उत्तर : नाशिककर५३

मी घेतलं आणि सोडलं, तेही लिहिते. गोळ्या होत्या. वाफा पंधरा दिवसांत गेल्या, ते खरंच. पण छाती इतकी ठणकायची की जिना उतरताना हात धरावा लागे, आणि तिसऱ्या महिन्यात डाग दिसायला लागले. सोनोग्राफी झाली, अस्तर ठीक होतं. डॉक्टर म्हणाल्या मात्रा कमी करू, जेल बघू. पण माझं मनच उडालं. रोज रात्री गोळी घेताना चाचपून बघायचे, गाठ आहे का. अशी भीती घेऊन औषध घेण्यात अर्थ नाही असं वाटलं. आता व्हेन्लाफॅक्सिन, म्हणजे नैराश्यावरचं एक औषध, कमी मात्रेत घेते. वाफा निम्म्यावर आल्या आहेत. मला निम्म्या चालतात.

शतावरी सहा महिने घेतली होती त्याआधी. मला फरक पडला नाही.

उत्तर : आशा_माजलगाव

सगळ्या ताई पन्नाशीच्या बायकांचं लिहितात. मी आमच्याकडचं लिहिते, कारण हा धागा वाचून मला रडू आलं.

मी गावातली आशा कार्यकर्ती आहे. आमच्या गावातल्या निम्म्या जोड्या दसऱ्याला उसाला जातात. माझ्या धाकट्या जावेची पिशवी २८ व्या वर्षी काढली, अंगावरून पांढरं जायचं म्हणून. कॅन्सर होईल म्हणून घाबरवलं होतं. मुकादमाकडून उचल घेतलेली, पाळीत खाडा झाला की दंड, म्हणून तीही हो म्हणली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली होती, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ती नुसती बातमी नाही, माझ्या घरातली एक त्यात आहे.

तिला वाटलं पाळीचा त्रास गेला. सहा महिन्यांत अंगातून जाळ निघायला लागला. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना तिला चक्कर यायची. आता ३६ वर्षांची आहे, गुडघे, कंबर, मनगट, सगळं दुखतंय. तिच्या कागदांवर बघितलं तर पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं पण काढलेली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हार्मोन हा शब्द तिनं माझ्याकडून पहिल्यांदा ऐकला. डॉक्टर मॅडम, तिला पण तेच आकडे लागू होतात का?

उत्तर : स्त्रीरोग_सोलापूर

नाही, आशाताई, अजिबात नाही. त्या सगळ्या आकड्यांतल्या बायकांचं हार्मोन निसर्गानं थांबवलं होतं. तुमच्या जावेचं २८ व्या वर्षी काढून घेतलं. तिला हार्मोन देणं म्हणजे जे असायला हवं होतं तेवढंच परत देणं. अंडाशयं पंचेचाळिशीच्या आत गेली आणि हार्मोन दिलं नाही, तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकार वाढतो. म्हणून मनाईचं कारण नसेल तर साधारण पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस ते पन्नाशीपर्यंत, हार्मोन द्यावं असंच मार्गदर्शन आहे. गर्भाशय नाही म्हणजे तिला नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या, गर्भाशय काढलेल्या बायकांत त्याच अमेरिकन अभ्यासाच्या दुसऱ्या भागात स्तनाचा कर्करोग वाढलेला नव्हता.

तिला जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत घेऊन जा. ऑपरेशनचे कागद आणि काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल असेल तर तो बरोबर न्या. “अंडाशयं काढली, वय ३६” हे दारातच सांगा, कंबरदुखी म्हणून केसपेपर काढू नका, नाहीतर मलम आणि दुखण्याची गोळी मिळेल. आठ वर्षं गेली आहेत, तरी उशीर झालेला नाही.

पुन्हा : आंबाघाट_वाहक

नऊ आठवड्यांनी लिहिते.

हो मॅडम, लावत होते. सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवली, दिवसातून तीन वेळा. कुठल्याच केसपेपरवर मला कुणी विचारलं नव्हतं, “धूम्रपान” म्हणून रकाना असायचा आणि मी “नाही” म्हणायचे. बीपी १४२/९० निघालं. बाकी थायरॉइड, साखर ठीक. मॅमोग्राफी साफ. आजोळी फोन करून सगळ्यांची चौकशी केली, मावशीखेरीज कुणाला नाही. आईकडच्या आणखी एका मामेबहिणीचाही खुबा मोडला होता, हे मात्र नव्यानं कळलं.

तिसऱ्या डॉक्टर भेटल्या. तुमचे आकडे वहीत उतरवून नेले होते. त्यांनी वही हातात घेऊन वाचली आणि म्हणाल्या, बसा. पाऊण तास दिला. मलम त्याच दिवशी. मिशरी आणि बीपीसाठी सहा आठवडे घेतले; मिशरी पूर्ण सुटली असं म्हणत नाही, तीनची एक झाली आहे, पहाटेची सुटत नाही. बीपी उतरल्यावर जेल आणि रात्रीची कॅप्सूल सुरू केली. दरवर्षी बसून परत ठरवायचं, असं बोलणं झालं.

तीन आठवडे झाले जेलला. वाफा दिवसाला दोन-तीन. लघवीची जळजळ पहिल्या महिन्यातच गेली होती, आता वाटेत पाणी पिते. परवा रत्नागिरीहून भरलेली गाडी आणली, उभे प्रवासी होते, पाली ते साखरपा सलग तिकिटं काढली. कोल्हापूरला कॅश मोजली. पैन् पै जुळली.

भीती गेली का? नाही. दर महिन्याच्या एक तारखेला छाती तपासते आणि तपासताना मावशी आठवतेच. पण पन्नासात एक हे मला माहीत आहे आणि ते मी मोजून घेतलं आहे. गाडीत पन्नास माणसं रोज बघते मी.

आशाताई, जावेचं काय झालं ते कळवा.

एक विचारायचं राहिलं. थोरल्या मुलीचा मुलगा दोन वर्षांचा आहे, तो आला की माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपतो. जेल दंडालाच लावते. त्याला काही होईल का?

उत्तर : स्त्रीरोग_सोलापूर

लागू शकतं त्याच्या अंगाला, म्हणून दंडाला नको. तो घरी असेल तेव्हा मांडीला लावा, पूर्ण वाळू द्या, वरून कपडा घाला, हात साबणानं धुवा आणि मगच त्याला उचला. तासभर तरी त्या जागेला पाणी लागू देऊ नका. जेलमध्ये अल्कोहोल असतं, ओलं असताना देवापाशी दिवा लावायला किंवा गॅसजवळ जाऊ नका. पहाटेच्या मिशरीचं पुढच्या वेळी सांगा मला.

उत्तर : आशा_माजलगाव

ताई, जाऊ सध्या कारखान्यावर आहे, टोळी निघून गेली. फाल्गुनात परत येईल. कागद मी तिच्याकडून मागून माझ्या पेटीत ठेवलेत. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात नेणार आहे.